पळंजाच्या लोंब्या

नातालीन धावत खारबांधातल्या उघाडीच्या दारापाशी पोचली तेव्हा पाणी उलटं फिरलं होतं. पहाटे जे पाणी खाचरांतून खाडीकडं निघालं होतं, तेच आता खाडीतून खाचरांत येत होतं आणि येताना त्याला भलता जोर होता. तिनं पदर खोचला, बांधावर काढून ठेवलेली फळी उचलली आणि चिऱ्यांच्या खाचेत बसवायला वाकली. पाण्यानं फळी हातातून हिसकली आणि आत भिरकावली. दुसरी तिनं छातीनं दाबली. ती अर्धी बसली, तिरपी झाली आणि तिथंच अडकली. मग नातालीन स्वतःच त्या दारात उतरली. फळीच्या जागी पाठ लावून उभी राहिली. कमरेचं पाणी काखेत आलं. दोन्ही अंगांनी खारं पाणी तिला वळसा घालून आत जातच राहिलं.

"नातालबाय, वर ये," बांधावरून कोणीतरी ओरडलं. "मरशील तिथं."

तो निकेश होता. त्यानं तिला दंडाला धरून वर ओढलं. मागून तिचा शेजारी हिरामण आला, बांधाचा कारभार बघणारा म्हातारा चांगदेव आला, आणखी माणसं आली. पुरुषांनी फळ्या ठोकल्या, फटींत पेंढा कोंबला, वरून चिखल लिंपला. दार बंद झालं तोवर खालची खाचरं भरली होती. उशिरा पिकणारं गरवं भात नुकतं दुधात आलेलं. लोंब्या पाण्याच्या वर माना काढून उभ्या होत्या, काही झालंच नाही अशा.

उघाडीची बारी, म्हणजे राखणीचं काम, नातालीनच्या नवऱ्याच्या, बस्त्यावच्या घराकडं त्याच्या आज्यापासून चालत आलेली. खारबांधात मधे ठेवलेलं ते दार. ओहोटीला फळ्या काढायच्या आणि खाचरांतलं जादा पाणी खाडीत सोडायचं. भरती फिरायच्या आत फळ्या पुन्हा घालायच्या. त्याबद्दल कापणीला प्रत्येक घरातून एक भारा मिळे. बारी ख्रिस्ती घराची, खाचरं बहुतेक आगऱ्यांची, आणि उघाडीजवळच्या क्रुसाला हार दोघांचाही. वर्षामागं बस्त्यावच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हा चांगदेवनं विचारलं होतं, "बाय, बारी कोणाला देऊ का? तुला एकटीला कसं जमंल?" नातालीननं मान उडवली होती. "आमची बारी हाय. आम्हीच बघू."

तोच चांगदेव आता बांधावर उकिडवा बसला होता.

"फळ्या कधी काढल्यास?"

"पहाटे. वरून पाऊस पडून गेलेला, पाणी तुंबलं होतं."

"नि घालायच्या कधी होत्या?"

नातालीन ओला पदर पिळत राहिली.

"झोप लागली असंल," निकेश म्हणाला.

"झोपले न्हाय."

"मग कुठं होतीस? देवळात?"

दोघंतिघं हसले. हिरामण हसला नाही. खालची सगळ्यांत सखल खाचरं त्याचीच. त्याची बायको कमळ गुडघाभर पाण्यात उभी होती आणि एक लोंबी बोटांत धरून बघत होती. तिनं नातालीनकडं मान वळवली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर नातालीनला बरं वाटलं असतं.

"बारी आजपासून निकेशकडं," चांगदेव उठत म्हणाला. "फळ्या काढायचा आकडा त्याला दे."

लोखंडी आकडा तिच्या हातातच होता. तिनं तो पुढं केला. निकेशनं घेतला, उलटापालटा करून बघितला, बाजारात विळा घेताना बघतात तसा वाकडा आहे की सरळ ते डोळ्यापुढं धरून तपासलं, आणि खांद्यावर टाकून निघून गेला.

आपण कुठं होतो ते ती सांगू शकली असती. पहाटे फळ्या काढून ती नवऱ्याला चहा पाजायला घरी गेली होती. बस्त्याव खाटेखाली पडलेला होता. गाल फुटला होता, चादर आणि अंग घाणीनं भरलं होतं आणि तो डाव्या हातानं जमीन खरवडत होता. माणूस हाडापेरानं थोराड. नातालीननं काखेत हात घालून ओढलं, सरकवलं, पायाशी येऊन ढकललं. अर्धा वर यायचा आणि पुन्हा निसटायचा. घराला लागून जास्वंदीचं कुंपण, कुंपणापलीकडं कमळचं अंगण. कमळ कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिचं 'बा बा बा' अगदी कानाशी ऐकू येत होतं. एका हाकेचं अंतर. पण ज्या माणसाला सगळा गाव वचकून असे, बांधावर उभा राहिला की पोरं वाट सोडत, त्याला त्या अवस्थेत कोणी बघावं हे नातालीनच्या मनाला पटलं नाही. तिनं उठून दार लावून घेतलं आणि पुन्हा एकटीच ओढायला लागली. त्याला वर घेऊन, धुऊन पुसून बाहेर आली तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं.

हे बांधावर सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तिचं स्वतःचं शेत वरच्या अंगाला. तिथं पाणी पोचलं नव्हतं. लवकर येणारं हळवं भात पिकून पिवळं झालं होतं आणि आता एकेक दिवस भारी होता. पाऊस परतीला लागलेला. दुपारी मुरुडकडून ढग चढायचे, गडगडायचे, आणि कधी पडायचे कधी नाही. पडले तर उभं भात आडवं होणार, दाणा चिखलात उगवणार. दरवर्षी तिच्या शेतावर सावड यायची. आज हिच्याकडं सगळ्यांनी कापायचं, उद्या तिच्याकडं. यंदा ती सकाळी भाकऱ्या जास्त थापून, तांब्या भरून शेतावर गेली आणि वाट बघत राहिली. बायका बांधावरून गेल्या. विळे कमरेला होते. एकीनं नुसतं "काय, कापायला लागलीस?" म्हणून विचारलं आणि उत्तराला थांबली नाही. कोणी येऊ नका असं कोणी बोललं नव्हतं. कोणी आलं नाही, इतकंच.

मग ती एकटीच बसली. मूठ धरायची, कापायची, मागं टाकायची. थोड्या वेळानं उठून धावत घरी जायचं, बस्त्यावला कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं, पुन्हा शेत. उन्हानं डोळ्यांपुढं काळं येई. डाव्या हाताला विळा लागला तर तिनं चिंधी बांधली, चिंधी रक्तानं भिजली, वाळली, आणि विळ्याच्या मुठीसारखी कडक झाली. इतकं करून दिवसाला एक कोपरा रिकामा व्हायचा. बाकी शेत तसंच्या तसं पिवळं.

जाता-येता खालची खाचरं दिसत. पाणी उतरलं होतं. आधी पातीची टोकं करपली. मग लोंब्या पांढऱ्या पडायला लागल्या. दाणा भरलेली लोंबी वाकते. या सरळ ताठ उभ्या होत्या. चिमटीत दाबलं तर नुसतं फोलपट. पळंज.

संध्याकाळी दिवा लागला की बस्त्याव डाव्या हातानं खाटेच्या काठावर टकटक करायचा. वर्षभर त्यांचं तसं ठरलेलं होतं. टकटक म्हणजे माळ घे. ती घरातल्या देव्हाऱ्यासारख्या आल्तारापुढं मेणबत्ती लावायची, मोठ्यानं प्रार्थना म्हणायची, आणि तो ओठ हलवायचा. आता तो टकटक करी आणि ती चुलीपुढून उठत नसे. एकदा गुडघे टेकले. पहिलाच शब्द घशाशी आला आणि आडवा बसला, त्या दिवशीच्या फळीसारखा. पुढंही जाईना, मागंही येईना. ती उठली.

"आज नको," ती म्हणाली. "कंबर दुखते."

बस्त्यावनं पुन्हा टकटक केलं.

"नको बोलले ना. तुम्हाला काय, पडून राहायचं हाय." बोलून झाल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. तो छताकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. वारं गेल्यापासून त्याच्या डोळ्यांना असंही पाणी येई, त्यामुळं कशाचं ते कळायला मार्ग नव्हता.

शुक्रवारी फादर जोएल आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला आले. वसईकडचा तरुण माणूस, गावात नवा. एका पायात चप्पल, दुसरा पाय घोट्याच्या वर चिखलात.

"मावशी, तुमच्या बांधानं माझी एक चप्पल खाल्ली."

नातालीन हसली नाही. तिनं पाय धुवायला पाणी दिलं.

"माळ होते ना रोज?" फादरनी पाय धुता धुता विचारलं.

"न्हाय."

"का बरं?"

"तोंडात येत न्हाय, फादर. गुडघे टेकते नि राग येतो."

"कोणाचा?"

तिनं हनुवटीनं आल्ताराकडं दाखवलं. "त्याचा. माझा माणूस पाडायला त्याला तीच येळ गावली. वर्षभर मी काय मागितलं? काहीच न्हाय. बरं करा असंबी बोलले न्हाय. माझं मी करत होते."

फादर रागावतील असं तिला वाटलं. त्यांनी पायावरचं पाणी झटकलं. "हे मला सांगितलंत तेच त्याला सांगा."

"असं सांगतात देवाला?"

"मग काय सांगतात? गोड गोडच बोलायचं असं कुठं आहे? तो ऐकून घेतो."

ख्रिस्तप्रसाद द्यायचा तर बस्त्यावला बसतं करायला हवं होतं. फादरनी त्याच्या पाठीमागं हात घातला आणि उचलायला गेले. बस्त्यावचं वजन त्यांच्यावर आलं तसे ते खाटेवर गुडघा टेकून कलंडले.

"मावशी, धरा जरा. मला एकट्याला जमत नाही," ते म्हणाले.

नातालीननं दुसऱ्या बाजूनं हात लावला. पण ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. किती सहज बोलले. तहान लागली, पाणी द्या म्हणावं तसं. वर्षभरात हे एवढं वाक्य तिच्या तोंडातून एकदाही निघालं नव्हतं.

जाताना फादर दारात थांबले. "रविवारी आगेरा. जुडी तुमच्या घरून येते, असं मला सांगितलंय."

आगेऱ्याला नव्या भाताची पहिली जुडी देवळात जाई, आशीर्वाद घेऊन परत येई, आणि तिचे दाणे पुढच्या बियाण्यात मिसळत. बस्त्यावच्या घरची जुडी नुसती त्याच्या शेताची नसे. बांधाखालच्या प्रत्येक खाचरातली एकेक मूठ तीत असे, आगऱ्यांचीसुद्धा. बारी ज्याची, जुडी त्याची.

"बारी गेली आमची," नातालीन म्हणाली. "नि यंदा माझ्या हातनं नको."

फादर उरलेली चप्पलही हातात घेऊन अनवाणी चालते झाले.

शनिवारी दुपारी ती शेतावरून आली तेव्हा बस्त्याव खाटेवरून अर्धा निसटला होता. डोकं खाली, पाय वर अडकलेले. तिनं धावत जाऊन मान सावरली. त्याला वर घ्यायला वाकली आणि कमरेत असा चमका निघाला की ती त्याच्या शेजारीच बसली. हात घातले, ताकद लावली. हातात ताकदच नव्हती. बस्त्यावचा श्वास घरघरायला लागला. सगळी घाण लुंगीत.

पलीकडं कमळ भांडी घासत होती. राख लावून घासल्याचा खरखर आवाज येत होता.

नातालीननं आल्ताराकडं बघितलं. "बघ," ती म्हणाली. "आता बघ बाबा. मला उचलत न्हाय. मला एकटीला जमत न्हाय. न्हाय जमत मला." असं तिनं तीनचार वेळा म्हटलं, दरवेळी जरा मोठ्यानं. आणि तोच आवाज तसाच वळला आणि कुंपणापलीकडं गेला.

"कमळे. ये गं. मला एकटीला जमत न्हाय."

खरखर थांबली. कोणी आलं नाही. मग पुन्हा एक भांडं आपटल्याचा आवाज झाला. नातालीननं डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा कमळ दारात उभी होती, कोपरापर्यंत राख.

तिनं एकदा सगळं बघितलं. नाकाला पदर लावला नाही. लुगडं वर खोचलं आणि आत आली.

"तशी न्हाय, बाय. काखेतनं धर. मी गुडघ्याखालनं घेते. हं, आता."

दोघींनी त्याला वर घेतलं. एका झटक्यात. नातालीनला स्वतःच्याच हातांचं नवल वाटलं. मग कमळनं न सांगता बादली ओढली. एकीनं वळवायचं, दुसरीनं पुसायचं. बस्त्यावनं तोंड भिंतीकडं केलं होतं.

"लाजू नको, दादा," कमळ म्हणाली. "माझ्या सासऱ्याचं सगळं मीच काढलं. तो तर वर शिव्या द्यायचा."

फडकं पिळता पिळता तिनं विचारलं, "त्या दिवशी असंच झालं होतं?"

"व्हय."

"नि मी तिकडं अंगणात होते."

"कोंबड्यांना दाणे टाकत होतीस. ऐकू येत होतं."

"ऐकू येत होतं नि हाक न्हाय मारलीस?"

"लाज वाटली गं. त्यांना असं कोणी बघावं..."

कमळनं फडकं झटकून दोरीवर टाकलं. बराच वेळ ती त्याच्या सुरकुत्या काढत राहिली. "तुझी लाज राहिली," ती म्हणाली, "माझं भात गेलं." आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी बस्त्यावनं टकटक केलं तेव्हा नातालीन माळ घेऊन त्याच्या खाटेशी जमिनीवर बसली. शब्द म्हणाली नाही. नुसते मणी सरकवले. तो ओठ हलवत होता. त्याची प्रार्थना कुठवर आली ते तिला कळत नव्हतं. आपले मणी पुढं जातायत की मागं राहिलेत तेही नाही. तरी शेवटच्या मण्यावर दोघं मिनिटभराच्या फरकानं पोचले असावेत, कारण त्यानं डोळे मिटले.

रविवारी सकाळी ती आपल्या शेतातल्या मुठीला सुतळी बांधत होती. देवळात मागं कुठंतरी बसावं, आपली एक मूठ ठेवून यावं, एवढंच मनात होतं. कुंपणावरून काहीतरी येऊन पायरीवर पडलं. पांढऱ्या लोंब्या. ताठ, हलक्या, पडताना आवाजही न करणाऱ्या.

"दरसाल नेतेस ना आमच्या खाचरातल्या?" कमळ पलीकडून म्हणाली. "ने. दाखव तुझ्या देवाला."

नातालीननं त्या उचलल्या. थोडा वेळ हातात धरून ठेवल्या. मग सुतळी सोडली, पांढऱ्या लोंब्या पिवळ्यांत घातल्या आणि पुन्हा गाठ मारली. कमळ बघत होती. तिला हे अपेक्षित नसावं. ती आत गेली.

देवळात बायकांच्या हातांत वाकलेल्या, भरलेल्या जुड्या होत्या. नातालीनच्या जुडीतून पांढरी टोकं वर आलेली. शेजारच्या बाईनं अंग चोरलं. "हे काय आणलंस? पळंज हाय ते," ती कुजबुजली.

"माहीत हाय."

भिंतीवर क्रुसाच्या वाटेची चित्रं होती. लहानपणापासून बघितलेली. दरवेळी तिची नजर क्रूस घेऊन वाकलेल्या प्रभूकडं जायची. आज ती त्याच्या मागच्या माणसाकडं गेली. शेतावरून घरी चाललेला कोणी एक माणूस, पोटऱ्या उघड्या, ज्याला वाटेत धरून क्रुसाला खांदा द्यायला लावलं. ती बघत राहिली. म्हणजे प्रभूलासुद्धा ते एकट्याला जमलं नव्हतं. आणि त्यानं त्या माणसाला नको म्हटलं नव्हतं.

तिची पाळी आली तेव्हा तिनं जुडी फादरच्या हातात दिली. त्यांनी पांढऱ्या लोंब्या बघितल्या, तिच्याकडं बघितलं, आणि बाकीच्यांसारखीच ती जुडी वर धरली. नातालीनला पुष्कळ मागायचं होतं. पाऊस थांबव, माणूस बरा कर, बारी परत दे. यातलं काहीच आलं नाही. 'हे हाय,' ती मनात म्हणाली. 'माझं पिकलेलं नि तिचं मेलेलं. दोन्ही बघ.' छातीतलं आडवं लाकूड बोटभर सरकलं. तेवढंच. पण त्या फटीतून श्वास यायला लागला.

सोमवारी उजाडलं तेच ढगाळ. वारा पडला होता. नातालीननं बस्त्यावच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या, खाटेला गोधडी गुंडाळून बांधली आणि विळा घेतला. आपल्या शेताच्या बांधावर आली. अर्ध्याहून जास्त भात उभं होतं. वर्षाचा तांदूळ. ती तिथं थांबली, पाय आत वळायला निघाले होते. मग ती खालच्या खाचरांकडं उतरली.

हिरामण आणि कमळ त्यांच्या मेलेल्या भाताला लागले होते. खाचर मोकळं करायलाच हवं होतं. नातालीन कडेला बसली आणि कापू लागली. हिरामणनं बघितलं आणि पाठ फिरवली.

कमळ कापत कापत तिच्या अंगाला आली. "तुझं उभं हाय की."

"हाय."

"वर बघितलंस? दुपार धरत न्हाय हे."

"बघितलं."

"मग इथं काय कापतेस? ह्यात दाणा न्हाय."

"पेंढा हाय ना. बांधाला लागंल. आधी तुझं काढू."

"वेडी हायस," कमळ म्हणाली. तिनं आणखी थोडं कापलं. मग विळा थांबला. "बस्त्यावदादाजवळ कोण हाय?"

"कोण न्हाय. उशा लावल्यात. देवाला सांगून आले."

"ते बरं केलंस." कमळ कंबर धरून उठली. "पण उचलायला कोणीतरी पायजे. अवो."

हिरामणनं मान वर केली.

"जावा, बस्त्यावदादाजवळ बसा जरा. इथं आम्ही दोघी बघतो. हे झालं की वर जातो, तिच्याकडं."

हिरामण उभा राहिला. आठवडाभर त्यानं त्या घराच्या दिशेला तोंडही केलं नव्हतं. त्यानं आपल्या पांढऱ्या खाचरावरून नजर फिरवली. वर पिवळ्या शेताकडं बघितलं. नातालीन विळा हातात धरून तशीच बसून राहिली.

"त्याला बोलता येतं का?" त्यानं कमळला विचारलं.

"मला काय इचारता? ती बसलीय ना."

दूर खाडीवर एक होडी फटफटत निघून गेली.

"वयनी," हिरामण जमिनीकडं बघत म्हणाला, "बोलतो का तो?"

"न्हाय. डावा हात हलवतो."

"मग बरं हाय. मलाबी काय बोलायचं न्हाय."

त्यानं विळा कमरेला खोचला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बांधावरून तिच्या घराकडं निघाला. कमळ केव्हाच वाकली होती. नातालीननं तिच्या बाजूची पुढची मूठ धरली. आभाळ अजून धरून होतं.